तीन ठोक्यांमधलं अंतर

३ जानेवारी

धाकटे बंधू चिरंजीव अय्याज यास जफरभाईचा सलाम.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा अजून धरतो का? खाली ओल फार, म्हणून काळजी वाटते. नेमसिंगचा खोकला कमी झाला का? त्याला म्हणावं, बिडी आता तरी सोड. लखीरामच्या डोळ्यात त्या सकाळी कण गेला होता, तो निघाला का? चोळू नको म्हणावं, ओल्या फडक्याने अलगद काढ. आणि लखीराम डब्यातली भाकर ज्याला टाकायचा, तो उंदीर? त्याचीही खुशाली कळव, तोही तुमच्यातलाच.

आम्ही वर सगळे बरे आहोत. माझे सांधे थंडीत कुरकुरतात, पण दार कुरकुरलं म्हणून कोणी दार उपटून फेकत नाही. माझा तारिक ट्रकवर असतो, पंधरवड्याला घरी येतो. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो रांगत होता. त्याची बायको शमा घर सांभाळते. त्यांची पोर अतिया बारावीला आहे, सायन्सला. रोज बसने मारेगावला कॉलेजात जाते.

पोस्टमन तुमच्याकडे येत नाही हे मला कळतं, मी काही येडा झालो नाही. अडतीस वर्षं झाली तुम्हा तिघांना खाली राहून. कोळशाच्या खदानीचं छत बसलं, मागचं साचलेलं पाणी आत आलं, सहा दिवस पंप चालले आणि सातव्या दिवशी खदानीच्या तोंडावर सिमेंटची लादी टाकली. साहेब गेले, मशीन गेल्या, आपल्या वस्तीला जुनी खदान हे नाव तेवढं राहिलं. तुझी कबर नाही की जाऊन फातिहाची दुआ वाचावी. म्हणून ही वही. घरात तुझ्याशी मी आपल्या बोलीत बोलायचो, पण तुझ्यासोबत नेमसिंग आणि लखीराम आहेत, त्यांना परकं वाटू नये म्हणून मराठीत लिहितो. शाळेतली मराठी सातवीपर्यंतची, पुढची रद्दीतली पुस्तकं वाचून घरीच केली. चुकलं तर हसू नका.

आज लिहायला कारण घडलं. अंगणातलं बोअर दोन वर्षांपासून कोरडं आहे, नुसता लोखंडी पाइप उभा आहे. मी त्याच्याशेजारी ऊन खात बसलो होतो. बरोबर बाराला पाइपात आवाज झाला. ठक्. ठक्. ठक्. मोजून तीन. मी कान लावला. मग काही नाही. फक्त खालून गार हवा आली, माठात तोंड घातल्यावर येते तशी.

आपल्या खदानीच्या घंटीचा कायदा तू विसरला नसशील. एक ठोका, थांबा. दोन ठोके, माणसं ने-आण करणारा पिंजरा खाली सोडा. तीन ठोके, माणसं वर येतात. वरच्याने तेवढेच ठोके परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं की ऐकलं.

मी पाना आणून पाइपावर तीन ठोके दिले. पोचले का?

६ जानेवारी

आज अतिया रडली. डेरिव्हेटिव्ह नावाचं प्रकरण आहे. पुस्तक भिंतीवर फेकलं. मी म्हटलं, "पुस्तकाले मारून का होते वं? काय झालं ते तं सांग."

"चारसोबीसी आहे दादाजी ही. आधी म्हणते h शून्य नाही, म्हणून त्यानं भागा. भागून झालं की म्हणते, आता h शून्य, टाका मिटवून. एक तं शून्य हाय, नाही तं नाही हाय. दोन्ही कसं?"

मी पुस्तक घेऊन बसलो. इंग्रजी अर्धं कळतं, चिन्हं मुळीच नाही. पण मिस्त्री माणसाला न कळणारं मशीन उघडून पाहायची खाज असते. संध्याकाळपर्यंत एवढं उमगलं की एखादी गोष्ट या घटकेला किती वेगाने बदलते हे शोधायचं आहे. एका घटकेत काहीच हलत नाही, म्हणून थोडा वेळ घ्यायचा, त्याचंच नाव h, तेवढ्यात किती बदललं ते पाहून भागायचं, आणि तो वेळ कमी कमी करत न्यायचा.

तिला म्हटलं, "स्लॅब टाकताना खालून सेंटरिंगचा टेकू लावतात का नाही?"

"लावतात."

"स्लॅब पकडला की काढतात. तुहा h म्हणजे सेंटरिंग. भागणं होईस्तोवर तो पाहिजे."

"मंग पहिलेच काहून नाही काढत?"

"पहिले काढला तं डोक्यावर येईन!"

हसली. मग वही पुढे ओढून आकडे मांडत बसली. शेवटी म्हणाली, "म्हणजे h शून्य होतच नाही दादाजी. तो शून्याकडं जात राह्यते, आन आपण पाहतो की उत्तर कुठं जाऊन राह्यलं." माझ्यापेक्षा तिनेच चांगलं सांगितलं. जवळ जात राहणं आणि पोचणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मला वाटतं तुम्हाला हे आधीपासून माहीत असेल.

११ जानेवारी

चुलीमागच्या भिंतीला भेग पडली आहे. मी तिच्यावर प्लास्टरने काचेची पट्टी डकवली, भिंत हलली तर काच तडकते. दोनदा तडकली. रोज मापतो. पाच तारखेला तीन मिलिमीटर, सात तारखेला चार, त्यानंतर चार, चार, चार, चार. आज शमाला सांगितलं, थांबली भेग, चुना मारून घे.

अतिया लिंबू कापत होती. तिने न कापलेलं एक लिंबू वर फेकलं आणि झेललं.

"दादाजी, वर गेल्यावर एका घटकेले लिंबू थांबलं का नाही?"

"थांबलं असन."

"त्या घटकेले वेग शून्य. मंग ते वरच लटकून राह्यलं का?"

"नाही, तुह्या हातात आलं."

"मीबी परवापर्यंत हेच चुकत होती. वेग शून्य म्हणजे थांबलं, असं नाही. वळून राह्यलं असन. नाही तं दम खाऊन राह्यलं असन, पुढं जाले."

 मग भेग नीट पाहायला म्हणून उठलो, पण भेग पाहिली नाही.

१२ जानेवारी

अय्याज, हे तुला कधी सांगितलं नाही. छत आदल्या दिवसापेक्षा किती खाली आलं ते मोजायची काठी माझ्या हातात होती. रोज पाळीच्या आधी काठी लावायची आणि आकडा लिहायचा. सोमवारी दोन सूत. मंगळवारी तीन. बुधवारी पुन्हा तीन. गुरुवारी मी काठी लावली आणि छत जागचं हललेलं नव्हतं. मी शून्य लिहिलं. साहेबाने शून्य पाहिलं, म्हणाला, थांबलं, पाठवा तिघांना.

अडतीस वर्षं मी म्हणत आलो की माप बरोबर होतं. माप बरोबरच होतं रे. शून्यच होतं.

१९ जानेवारी

पुन्हा ठोके. दुपारी बारा. तीन. मी परत तीन दिले.

या वेळी पाइपातून आलेली हवा कोमट होती आणि तिला ओल्या कोळशाचा वास होता. तुझ्या शर्टाला यायचा तोच. तुम्ही किती वर आला आहात?

२३ जानेवारी

घरात लहान लहान गोष्टी होत आहेत. अतियाचा पेन टेबलावरून घरंगळतो तो दर वेळी एकाच कोपऱ्यात, बोअरच्या बाजूला. शमा फरशी पुसते तर पाणी मोरीकडे जायचं सोडून त्याच कोपऱ्याकडे जातं, कोणी बोलावल्यासारखं. मागचं दार लागत नाही, पुढचं दार उघडत नाही. कोंबड्या चार दिवसांपासून अंगणात उतरत नाहीत, छपरावर बसतात.

बेबीताई आली होती. तिचं तुरीचं शेत आपल्या घराला लागून आहे आणि तिचा गडगडाट शेताच्या चारही बांधांपर्यंत पोचतो.

"मिस्त्रीभाऊ, माहा बादल तुमच्या अंगणात पाय नाही ठेवून राह्यला. रोज येत होता इथं पाणी प्याले. शिव्या देल्ल्या का तुमी त्याले?"

बादल म्हणजे तिचा बैल. मी म्हटलं, "बैल तुहा, शिकवण तुही. माह्यावर कायले येतं?"

"बैल मले खोटं नाही बोलत," ती म्हणाली, आणि जाताना कुंपणाबाहेर उभी राहून आमच्या घराकडे बराच वेळ पाहत राहिली.

भेग आठ मिलिमीटर. चार दिवस दम खाल्ला होता तिने. आता तिच्यात कान लावला तर दूरवर पाणी चालल्यासारखं ऐकू येतं. मी तिच्यावर पुन्हा काच डकवली नाही. येणाऱ्याच्या वाटेत काच कशाला?

२७ जानेवारी

ठोके, बाराला. तीन. परत दिले.

२९ जानेवारी

अतियाचा नवा गोंधळ. तिच्या सरांनी सांगितलं की अर्धा, अधिक पाव, अधिक त्याचा अर्धा, अशी न संपणारी बेरीज केली तरी उत्तर फक्त एक येतं.

"कसं शक्य हाय? कधीच न संपणारी बेरीज, तं उत्तरही कधी संपाले नाही पाहिजे. वाढतच जाईन ना?"

शमाच्या तव्यावरून उतरलेली भाकर मी घेतली. अर्धी मोडून अतियाच्या ताटात ठेवली. उरलेल्या अर्धीची अर्धी ठेवली. उरलेल्या तुकड्याचा अर्धा. शेवटी माझ्या बोटांत कणी उरली, तिचीही अर्धी ठेवली.

"अशी मी कयामतपर्यंत वाढत राहीन, जर मले कणी मोडता आली. तुह्या ताटात किती भाकरी होतीन?"

ती ताटाकडे पाहून म्हणाली, "एक. एकाच्या वर जाऊच शकत नाही. भाकरच एक हाय."

शमा म्हणाली, "दोघायनं मिळून भाकरीचा भुगा केला. आता खा तोच."

३१ जानेवारी

ठोके. चार दिवसांतच. मी पाना हातात घेऊनच बसलो होतो, का ते सांगता येत नाही.

मग वहीची मागची पानं चाळली. तीन तारीख ते एकोणीस, सोळा दिवस. एकोणीस ते सत्तावीस, आठ. सत्तावीस ते आज, चार. अय्याज, तुम्ही भाकर मोडत आहात.

तसं असेल तर पुढचा ठोका परवा, दोन तारखेला बाराला.

२ फेब्रुवारी

आला. बरोबर बाराला.

हिशेब साधा आहे. सोळा, आठ, चार, दोन, मग एक दिवस, मग बारा तास, सहा तास, तीन तास. ठोके किती होतील त्याला गणती नाही, पण भाकर एकच आहे. तीन जानेवारीपासून बत्तीस दिवस. चार फेब्रुवारीला दुपारी बाराला सगळे ठोके संपतील. म्हणजे परवा. आणि उद्याची रात्र शब-ए-बारातची, ज्या रात्री गेलेले लोक आपल्या घराच्या दारात येतात असं आपली अम्मी सांगायची. तू तिच्या मांडीवर बसून विचारायचास, पण मग त्यांना उशीर झाला तर? झाला तर दुसऱ्या दिवशी येतील, असं ती म्हणायची.

अतियाने माझा कागद पाहिला. "हे कायचे आकडे आहेत दादाजी?"

मी तिला पाइपाचं सांगितलं, घंटीचा कायदा सांगितला, तुमच्या तिघांचं सांगितलं. ती हसली नाही. पाइपापाशी गेली, कान लावला. बराच वेळ लावला. परत आली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पोर तुम्हाला कधी भेटलेली नाही, घाबरली असेल. मी म्हटलं, "घाबरू नको वं, घरचेच लोक आहेत."

तिने स्वतः कागदावर आलेख काढला. ठोक्यांचे टिंब एकमेकांच्या जवळ जवळ येत गेले, आणि चार तारखेच्या बाराला तिने टिंब भरलं नाही, पोकळ गोल काढला.

"हा रिकामा कायले?"

"माही ही चूक मागच्याच आठवड्यात सरांनी काढली. लिमिट एवढंच सांगते की कुठं जाऊन राह्यलं. तिथं पोचल्यावर काय हाय, ते नाही सांगत. तिथं काहीच नसू शकते दादाजी. तिथं भोक असू शकते."

"तेच तं पाहाचं आहे," मी म्हटलं.

ती मला बिलगली. मग आत जाऊन तिने पुस्तकं ट्रंकेत भरायला सुरुवात केली. परीक्षा तोंडावर असताना पुस्तकं भरायची हे मला समजलं नाही.

३ फेब्रुवारी

बाराला ठोके. एक दिवस पुरा.

अतियाने सकाळपासून फोनवर फोन केले. तारिकला केला, तो नागपूरच्या पुढे आहे, म्हणाला मिळेल त्या गाडीने निघतो. तालुक्याच्या कोणत्या तरी कचेरीत केला. तिथले म्हणाले, जमीन पाहायला माणूस शुक्रवारी पाठवू. शुक्रवार म्हणजे सहा तारीख. "दोन दिवस उशिरा," असं ती ओरडून म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मी म्हटलं, शुक्रवारी त्यांना काय दाखवणार, पाहुणे तर उद्या येतील.

दुपारी शमाने चण्याच्या डाळीचा हलवा केला. मी तीन वाट्या निराळ्या काढायला लावल्या. नेमसिंगला गोड चालतं ना? मग दोघी मायलेकी ट्रंका, गाद्या, शिलाई मशीन बेबीताईच्या घरी नेऊ लागल्या. मी विचारलं तर शमा नजर चुकवून म्हणाली, "अब्बा, चुना माराचा आहे ना." भेगेत आता माझं बोट जातं. तिथून वारा येतो. हलव्याच्या वाटीवर झाकलेली जाळी त्या वाऱ्याने हलते.

४ फेब्रुवारी, सकाळचे पावणेअकरा

शब-ए-बारातनंतरचा माझा रोजा आहे. मध्यरात्री ठोके झाले, पहाटे सहाला झाले, नऊला झाले, साडेदहाला झाले. पाइपाला हात लावला तर हाताला मुंग्या येतात. शमा बेबीताईकडे आहे. मी आंघोळ करून स्वच्छ कुर्ता घातला आहे, अत्तर लावलं आहे.

अतियाचं आज केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. साडेनऊची बस होती. ती गेली नाही. अंगणात, पाइपापासून चार हातांवर, दप्तर मांडीवर घेऊन बसली आहे. मी तीनदा रागावलो.

"जा म्हणतो ना. मार्क जातीन."

"तुमी उठा, मंग मी उठते."

"माह्या भावाले घ्याले मी बसलो. तुहं काय काम?"

"माह्या दादाजीले घ्याले मी बसली."

पोर हट्टी आहे. तुझ्यावर गेली आहे. मला राग येतो आहे आणि अय्याज, मला पहिल्यांदाच भीती वाटते आहे, कशाची ते कळत नाही. ती जिथे बसली आहे तिथली माती दर थोड्या वेळाने

४ फेब्रुवारी, संध्याकाळ, बेबीताईच्या ओसरीवरून

सकाळचं वाक्य अर्धं राहिलं, कारण तेव्हा अतियाने विचारलं, "दादाजी, खदानीत पिंजरा वर येते तेव्हा वरचा माणूस कुठं उभा राह्यते?"

"बाजूले. कठड्याच्या मागं."

"तोंडावर नाही?"

"तोंडावर कोणी उभं राह्यते का वं? तीन ठोके झाले का तोंड मोकळं कराचं. माणसं वर येतात म्हणजे त्याहिले जागा नाही पाहिजे का? तोंडावर उभा दिसला तं पाळीतून हाकलून देत होते."

"मंग आपण ह्या पाइपाच्या तोंडावर काहून बसलो आहो?"

मी पाना खाली ठेवला. नोकरीत एक दिवस मी कायदा मोडला नव्हता, आणि आज भाऊ यायचा तर मी नेमका तोंडावर ठाण मांडून, वर पोरीलाही तोंडावर बसवून! तुम्ही वर यायचे कसे?

सव्वाअकराचे ठोके झाले. मी उठलो. हलव्याच्या वाट्या घेऊ का म्हटलं, अतिया म्हणाली, "राहू द्या, ठेवा त्याहिच्यासाठी," आणि माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मी ही वही तेवढी खांद्याच्या पिशवीत टाकली. आम्ही कुंपणाबाहेर पडलो. ती थांबेना. "कठडा पुढं हाय दादाजी, अजून पुढं," म्हणत तिने मला तुरीच्या शेताच्या पार पलीकडच्या बांधावर नेलं. तिथे बेबीताई आणि शमा उभ्या होत्या. बेबीताई आज चकार शब्द बोलत नव्हती.

मग ठोके मोजता येईनात. तुरीच्या शेंगा एकमेकींवर खुळखुळू लागल्या, वारा नसताना. छपरावरच्या कोंबड्या एकदमच उडाल्या.

मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसं झालं नाही. दमलेला माणूस खाटेवर बसताना श्वास सोडतो तसा आवाज आला. आपलं घर खाली बसलं. भिंती आधी पडल्या नाहीत, उभंच घर खाली गेलं, खिडक्यांसकट, आपला पिंजरा सुटायचा तसं. मागून अंगण गेलं, पाइप गेला. मग धूळ.

शमा जमिनीवर बसली. अतियाने माझ्या कुर्त्यात तोंड घातलं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतो, पण डोळे धुळीवरून हटवले नाहीत. मी कायद्याने बाजूला उभा होतो. तोंड मोकळं होतं.

दुपार कलल्यावरची असरची नमाज बांधावरच पढलो. सूर्य उतरेपर्यंत पाहत होतो. कोणी आलं नाही. खड्ड्यात काळं पाणी आहे, त्याच्यावर एक तरंग नाही.

लोक म्हणतात, अल्लाने वाचवलं. बेबीताई अतियाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडते आणि रडते. सगळे तिलाच शाबासकी देतात. का ते मला नीट कळत नाही, बाजूला व्हायचं तर तिने मला माझाच कायदा सांगितला. पण पोरीचं कौतुक होतं आहे, मी कशाला अडवू.

९ फेब्रुवारी, मारेगाव

अय्याज, तारिकने इथे खोली घेऊन दिली आहे. अतियाच्या सरांनी तिला दुसऱ्या तुकडीत प्रॅक्टिकलला बसवलं, नीट झालं. इथल्या टेबलावरून आता पेन घरंगळत नाही, तरी ती अधूनमधून पेन आडवा ठेवून पाहते. सकाळी पोहे खाताना म्हणाली, "दादाजी, मले आता डेरिव्हेटिव्हची भीती नाही वाटत." मी म्हटलं छान. कशाची वाटते ते मी विचारलं नाही.

आज बेबीताई भाजी घेऊन आली होती. तिचं भांडण आता परत सुरू झालं, म्हणजे तब्येत ठीक आहे. म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, तुमच्या खड्ड्यापायी माही तूर गेली. पाहाले येतात मेले अन् शेतातून चालतात. पाच तारखेले सकाळी पाहतो तं तिघा जणांच्या काळ्या पायाचे ठसे, अनवाणी, खड्ड्यापासून ते थेट मारेगावच्या रस्त्यापर्यंत. कोळशाचा चिखल माह्या तुरीत! रस्त्यावर चढतानाबी पाय पुसले नाहीत."

शमाने तिला चहा दिला. अतियाचा हात पुस्तकावर थांबला होता.

मी मात्र आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

घर तिथे नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. म्हणून नीट लिहितो. बसस्टँडवर आलात की मागची गल्ली धरा. पिठाच्या गिरणीच्या पुढे हिरवी टाकी असलेलं घर लागतं. आमची खोली तळमजल्यावर, रस्त्याकडून दुसरी, दाराला निळा पडदा आहे. पाय धुवायला बाहेर नळ आहे, घासायला तिथे दगड ठेवला आहे. फरशी दुसऱ्याची आहे, कोळसा आत आणू नका. लखीरामला म्हणावं, उंदीर खिशातच ठेव, घरमालकीण कटकटी आहे. दिवसा या. अतियाचा गणिताचा पेपर जवळ आला आहे, ती दाराकडे पाठ करून बसते, तिच्या मागे येऊन उभे राहू नका, आधी माझं नाव घ्या.

मी रोज पडद्यापाशी बसतो. नेमसिंगला चालवत नसेल तर घाई नको, पण वाटेत कुठे मुक्काम केलात, अजून किती यायचं राहिलं, ते दोन ओळींत तरी लवकर लिही.

तुझा,
जफरभाई